सिल्लोडमार्गे नौदल

नौदल समजून घ्यायला माणसं मुंबईला जातात, विशाखापट्टणमला जातात. मी सिल्लोडला गेलो आणि तिथून पुढं फर्दापूरला. या दोन्ही ठिकाणी पाणी म्हणजे नळाला येतं ते, आणि तेही रोज नाही. तरीही परत आलो तेव्हा नौदलाबद्दलची माझी बरीचशी मतं धुऊन निघाली होती. एक शर्टसुद्धा धुवावा लागला होता, पण ते पुढं येईलच.

प्रवासाचं कारण माझा भाचा भागवत. पंधराएक वर्षांपूर्वी तो नौदलात गेला आणि जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करतो. त्याची पहिली मुदत संपत आली होती. पुढे राहायचं की बाहेर पडायचं, हे त्याला या दिवाळीच्या रजेत ठरवायचं होतं. त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, सुमनअक्काचं, केव्हाच ठरलं होतं: बस झालं, घरी ये. भाऊजी गेले तेव्हा भागवत भर समुद्रात होता. तो घरी पोचला तोवर दहावाही उरकला होता. अक्का त्यावरून कधी भांडली नाही. एवढंच म्हणायची, "माझ्या वेळंला तरी असावं त्यानं."

भागवतची बायको अर्चना यातून शहाणपणानं बाहेर राहिली. "मी काहीच बोलणार नाही, मामा," ती म्हणाली. "मी 'या' म्हणायचं, आणि आल्यावर यांनी खिडकीत उभं राहून उसासे टाकायचे. ते आयुष्यभर कोण ऐकणार?"

मग अक्कानं मला कामाला लावलं. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तराला लोक नेहमी भविष्याबद्दल विचारतात, असा माझा अनुभव आहे. वाळूजच्या एका कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याच्याकडून मी भागवतसाठी सुरक्षा अधिकाऱ्याची जागा जवळजवळ पक्की करून ठेवली होती. आता फक्त भागवतला पक्कं करायचं होतं.

आपल्याकडे नौदलात कुणाला ओढून नेत नाहीत. जो जातो तो आपण होऊन जातो आणि राहतो तोही आपण होऊन. माझा यावर फारसा विश्वास नव्हता. पगार, पेन्शन, कॅन्टीन, पांढरा गणवेश आणि त्या गणवेशामुळं मुलीकडच्यांचा विरघळणारा नकार, या पाच कारणांत सगळं देशप्रेम बसतं, असं मी आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना समजावून सांगितलं होतं. त्यांना ते पटलंही होतं. त्यांना चहा येईपर्यंत काहीही पटतं.

क्रांती चौक

भागवतच्या जहाजी सोबत्यांत एक रीत आहे. आपल्या भागातली पोरं एका जहाजावर असली, की ज्याला रजा मिळेल त्यानं बाकीच्यांच्या घरी जाऊन यायचं. नुसतं जाऊन यायचं नाही, जेवून यायचं. त्या घरच्या पोराला जे आवडतं तेच त्या दिवशी शिजतं आणि आलेल्यानं ते त्याच्या वतीनं खायचं. परत गेल्यावर सगळं सांगायचं. भागवतच्या जहाजावर सध्या सिल्लोडचा सलीम आहे आणि फर्दापूरच्या पलीकडचा नामदेव आहे. तेव्हा भागवतला दोन जेवणं करायची होती. वाटेत त्याचं मन वळवता येईल, म्हणून मी म्हणालो, मीही येतो.

क्रांती चौकात भेटायचं ठरलं होतं. मी माझ्या गोळ्यांची डबी शोधण्यात घरीच अडकलो. पोचलो तेव्हा भागवत रिक्षांच्या गर्दीत पायाशी पिशवी ठेवून ताठ उभा होता.

"कधी आलास?"

"झाला थोडा वेळ."

"ठरलेल्या वेळेच्याही आधी आला होतास की काय?"

"आमच्यात ड्यूटी बदलताना पुढच्यानं आधीच यायचं असतं, मामा. आधीचा माणूस दमलेला असतो."

"इथं कोण दमलंय?"

"आता मी," भागवत म्हणाला आणि माझी पिशवी उचलून चालू लागला.

सिल्लोड

दिवाळी होऊन गेलेली. फुलंब्रीच्या पुढं रस्त्याच्या कडेनं मका वाळत घातलेला, कापसानं फुगलेल्या गाड्या जिनिंगकडे निघालेल्या. एसटीत मी वाळूजच्या नोकरीचा विषय काढला. कामाची वेळ ठरलेली, रविवारी सुट्टी, आई जवळ, मुलीची शाळा जवळ. भागवत सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणत होता. इतका सहमत होणारा माणूस मी वर्गात असताना ओळखायला शिकलो होतो. तो कधीच पास होत नसे.

सलीमचे वडील रहीमचाचा जिनिंगमध्ये फिटर होते, आता घरी असतात. त्यांनी भागवतला दारातच मिठी मारली आणि मला 'प्रोफेसरसाब' म्हणून खुर्ची दिली. जेवायला अंबाडीची भाजी, त्यात गोश्त, आणि सोबत ज्वारीची रोटी. सलीमला एवढंच लागतं. अंबाडी इतकी आंबट होती, की पहिल्या घासाला माझा एक डोळा आपोआप मिटला. चाचांना तो मी मारलेला डोळा वाटला आणि ते खूश झाले.

मी माझी पाच कारणं हळूच पुढं सरकवली. "चाचा, पोराला नौदलात घातलंत ते पगार चांगला म्हणून?"

"मैं कायको घालता?" चाचा म्हणाले. "मैं तो नक्को बोल्या था. इधर अच्छा गॅरेज लगा के देरा था. वो बोल्या, अब्बा, एक बार समंदर देख के आता." त्यांनी भागवतच्या ताटात आणखी भाजी वाढली. "पंधरा साल हो गए. देखराच है अभी तक."

आतून सलीमच्या आईचा आवाज आला, "ये भागवत भी कौनसा किसीके कहने से गया था? दौड में दोस्त के कपडे संभालने गया था ना?"

हे मला नवीन होतं. भागवतनं मान खाली घालून सांगितलं, भरतीला त्याचा मित्र जाणार होता. हा सोबत म्हणून गेला. मित्र धावताना पोटात कळ येऊन बसला आणि हा निवडला गेला. माझ्या पाच कारणांत मित्राचे कपडे कुठंच बसत नव्हते.

हात धुताना चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "भागवत के वालिद गुजरे तब सलीम छुट्टी पे था. फोन आया तो थाली वैसीच छोडा और निकला. तेरा दिन के बाद घर आया."

मला आठवलं. त्या दिवसांत एक उंच, काटकुळा पोरगा अक्काच्या दारात सतत काहीतरी उचलत होता. खुर्च्या, पाण्याचे जार आणि पहिल्या दिवशी तिरडीचा पुढचा डावा दांडा. मी त्याला मंडपवाल्याचा माणूस समजलो होतो. मंडपवाले तिरडीला खांदा देत नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

घाट

रात्री चाचांनी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला पुन्हा अंबाडी आणि वर गोड चहा. मग फर्दापूरची एसटी. अजिंठ्याचा घाट लागेपर्यंत मी भागवतला समुद्रप्रवासाचा इतिहास सांगत होतो. पूर्वीचे खलाशी, त्यांचे हाल, जबरदस्तीची भरती. पहिल्या वळणाला मी वाक्य अर्धवट सोडलं. दुसऱ्या वळणाला खिडकी उघडायचा प्रयत्न केला. ती एसटीची खिडकी होती, ती उघडली नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. भागवतच्या हातात प्लास्टिकची पिशवी कुठून आली ते मला कळलं नाही. त्यानं एका हातानं माझं कपाळ धरलं, दुसऱ्या हातानं पिशवी. मागची बाई पदर नाकाला लावून म्हणाली, "बाबाला लई तरास हाय वाटतं." भागवतनं माझा शर्ट पुसला, सीट पुसली, पिशवीला गाठ मारून पायाशी ठेवली आणि म्हणाला, "हं, मामा, मग त्या खलाशांचं काय झालं?"

त्यात टोमणा नव्हता. माझं राहिलेलं वाक्य मला परत देण्याची ती त्याची पद्धत होती. मी ते घेतलं नाही.

फर्दापूरच्या पलीकडं

नामदेवची वस्ती रस्त्यापासून आत आहे. मेंढ्या-शेळ्या राखणारी घरं, थोडी कोरडवाहू जमीन. आम्ही येणार हे गावातल्या पोरांना कळलं होतं आणि त्यांनी फाट्यावर फ्लेक्स लावला होता. 'भारतीय नौदलाच्या साहेबांचे सहर्ष स्वागत.' मागं एक प्रचंड जहाज.

भागवतनं निरखून पाहिलं. "मामा, ही बोट आपली नाय. अमेरिकेची आहे. झेंडा बघा."

"सांगूया का?"

"कशाला? एवढ्या लांबून आलीय बिचारी."

सत्काराचा मला मनापासून तिटकारा आहे. शाल, श्रीफळ, लाऊडस्पीकर आणि 'दोन शब्द' यांवर मी आजवर बरेच विनोद केले आहेत. त्यामुळं पुढं जे झालं ते मला लिहायला अवघड जातंय. पोरं हार घेऊन आली, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि माझ्या पांढऱ्या मिशा, चष्मा आणि पोट पाहून हार माझ्या गळ्यात घातला. साहेब मीच, असं त्यांनी ठरवलं. भागवत पिशव्या घेऊन मागं उभा होता, म्हणजे तो शिपाई असणार.

मी तोंड उघडलं होतं. खुलासा अगदी ओठांवर होता. पण एका म्हाताऱ्यानं मला कडक सलाम ठोकला आणि माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. एकदा हात गेल्यावर खुलाशाला काही अर्थ राहत नाही. मग माईक आला. मी बोललो. माणसं नौदलात का जातात आणि का टिकतात, यावर बोललो. 'त्याग' हा शब्द पुन्हा पुन्हा वापरला. 'लाटांशी झुंज' म्हणालो, तेव्हा माझ्या शर्टाला अजून घाटाचा वास येत होता. टाळ्या चांगल्या पडल्या. मागं भागवतही टाळ्या वाजवत होता, आणि त्याचा चेहरा इतका गंभीर होता, की मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

नामदेवचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, समोर काटेरी कुंपणाचा शेळ्यांचा वाडगा. त्याची आई भामाबाई, वडील सटवाजी. माझ्या गळ्यात अजून हार. साहेब म्हणून मला आधी बसवलं आणि माझ्यापुढं एक पितळी ताटली ठेवली. तिच्या काठावर पोचा होता. ताटलीत कुस्करलेली बाजरीची भाकरी, वर गूळ आणि वर कोमट शेळीचं दूध.

माझं पोट अजून घाटातच होतं. मला साखरेचा विकार आहे. आणि शेळीच्या दुधाचा वास मला लहानपणापासून सोसत नाही. तिन्ही कारणं खरी होती, आणि मी ती तिन्ही सांगितली. सविस्तर सांगितली. वर म्हणालो, "मला आपला नुसता चहा द्या."

 भामाबाईंनी ताटली उचलून चुलीपाशी नेली आणि तिच्याकडे पाहत बसल्या.

"चहा बी शेळीच्याच दुधाचा हाय, सायेब," सटवाजी म्हणाले. मग जरा थांबून, "ती ताटली नामदेवची हाय. त्याच्या नावानं वाढलेलं कुणी परत धाडलं न्हाई अजून. पोरगं पान्यावर हाय ना. तिच्या मनाला लागतंय."

मी भागवतकडे पाहिलं. तो दुसऱ्या ताटलीतलं खात होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता. मला वाचवायला तो सहज उठू शकला असता. पण ही ड्यूटी माझी होती.

मी हार काढला. चुलीपाशी जाऊन बसलो आणि म्हणालो, "बाई, मी साहेब नाही. मी याचा मामा आहे. कॉलेजात मास्तर होतो. बोट बघितलीय ती चित्रात. घाटात मला ओकारी झाली म्हणून तोंड वाकडं केलं. ती ताटली द्या इकडं."

भामाबाईंनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "मंग मघाशी ते एवढं भाषान कशापायी केलं?"

"कुणी थांबवलं नाही म्हणून."

त्या हसल्या. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसल्या. मग ताटली माझ्यापुढं ठेवली आणि मी ते संपवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. मी खाल्लं. चव कशी होती ते विचारू नका. मी श्वास बंद ठेवला होता. तळ दिसल्यावर त्या म्हणाल्या, "आता वाढू थोडं?" तेव्हा मात्र मी हात जोडले.

लेणी

परतीच्या दिवशी बस उशिरा होती, म्हणून लेण्यांत गेलो. एका लेण्यात भिंतीवर जहाज रंगवलंय, शिडं, रांजण सगळं. आजूबाजूला डोंगर, समुद्राचा पत्ता नाही. मी त्यावर भागवतला बरंच काही सांगितलं. रखवालदार दोनदा "पुढं चला" म्हणाला.

"मामा," भागवत म्हणाला, "यांना रजा मिळत असंल का?"

बाहेर पायऱ्यांवर बसलो. मी सरळ विचारलं. "वाळूजला वाईट काय आहे?"

"वाईट काहीच नाय. चांगलंच आहे."

"मग?"

 "तुम्हाला घाटात झालं ना, तसं मला होतं."

"पहिल्या वर्षी?"

"अजून. दर वेळी जहाज निघालं की पहिला दिवस मी आडवा. एवढी वर्षं झाली, तरी सुटत नाय. आईला सांगू नका. पहिल्या खेपेला तर वाटलं मरतो आता. सलीम शेजारी होता. माझी बादली तो ओतून, धुऊन आणायचा. त्यालाही मळमळत होतं. धुऊन आणायचा, आणि मग स्वतः ओकायचा. त्यावर आजवर एक शब्द बोलला नाय. आता नामदेवला होतं. त्याची बादली मी धुतो."

"आणि याच्यासाठी तू तिथं राहणार?"

"तसं नाय सांगता येत मामा. जाताना तरी कुठं कारण होतं?" तो थांबला. "वाळूजला मी चांगलं काम करीन. पण संध्याकाळी 'काल भामाबाईकडं जेवलो' म्हणून कुणाला सांगू? तिथं कुणाला ते ऐकायचंय?"

"आणि अक्का? बाप गेला तेव्हा तू नव्हतास."

"मी नव्हतो," तो म्हणाला. "सलीम होता."  एकच गोष्ट अक्कानं त्याला परत आणण्यासाठी आणि त्यानं तिथं राहण्यासाठी उराशी धरली होती. 

"अक्काला मी सांगतो," मी म्हणालो. कुणी सांगितलं नव्हतं. माझा मीच पुढं झालो.

घरी

भागवत आंघोळीला गेला आणि मी अक्काला सांगितलं, की तो राहतोय.

"तुला कशाला धाडलं होतं मग?" अक्का म्हणाली.

"मन वळवायला."

"वळलं की. तुझं." ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "अन् माझ्या वेळंला?"

मी सलीमचं सांगितलं. ती म्हणाली, "ते मला सांगतो व्हय? तेरा दिवस माझ्या हातचं खाल्लंय त्यानं." आणि उठून आत गेली. रजा संपेपर्यंत ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. वाळूजचा विद्यार्थी तर अजूनही माझा फोन उचलत नाही.

उन्हाळ्यात नामदेवला रजा मिळाली आणि तो अक्काकडं जेवायला आला. बुटका, काळासावळा, लाजाळू पोरगा. अक्कानं मला बोलावून घेतलं होतं. भागवतला येसराची, म्हणजे भाजक्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची, झणझणीत आमटी आणि भाकरी लागते, तीच केली होती. आमटीनं नामदेवच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो मान वर न करता खात होता. अक्का समोर बसली होती.  नामदेव आपणच सांगत होता, भागवतदादा झोपतो कसा, चिडतो कधी, केस किती पिकलेत.

ताट स्वच्छ झालं, तेव्हा अक्कानं विचारलं, "तुझं गाव कुठं रे?"

"फर्दापूरच्या पलीकडं."

"म्हंजी सकाळी निघाला तर दुपारपातूर येशील."

"व्हय, काकू."

"आन् सलीम तर सिल्लोडलाच," अक्का स्वतःशीच म्हणाली, आणि आणखी भाकरी आणायला उठली.

मग नामदेव माझ्याकडं वळला. "मामा, दादानं समदं सांगितलं जहाजावर. तुम्ही माझी ताटली पुसून खाल्ली म्हनं. वर दोनदा मागून घेतलं."

मी भागवतच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. दोनदा. तो नौदलात चोख माणूस असेल, पण हिशेबात फेकाफेक करतो.

"तसं काही…" मी म्हणालो.

"आई लई खूश झाली," नामदेव म्हणाला. त्यानं पिशवीतून एक किटली काढली. झाकण कापडानं घट्ट बांधलेलं. "म्हनली, मामाला आवडतंय तर घेऊन जा. सकाळी गूळ घालून उकळून दिलंय. एसटीत मांडीवर धरून आनलं."

अक्कानं मोठा पेला आणून ठेवला. हसू लपवायचा तिनं फारसा प्रयत्न केला नाही.

कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मला मधुमेह आहे, दुधात गूळ आहे, आणि खोलीत एक खिडकी होती, जी सहज उघडत होती. नामदेव वाट पाहत होता. परत जहाजावर गेल्यावर त्याला सांगायचं होतं.

मी श्वास रोखला आणि पेला उचलला.